मी वितळलो होतो

मी एक जुना खडा आहे, मित्रांनो. आयोडीनचा. खडा म्हटलं तरी मी एकटा नाही. तपकिरी काचेच्या बाटलीत आम्ही बरेच जण आहोत. पण वाफ होऊन पुन्हा जमताना कोण कोणात मिसळला ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांचा मिळून मी एकच. रंगाने काळपट करडा. उजेडात धरलं तर चकाकतो. झाकण उघडलं की नाकाला झोंबतो.

माझी गोष्ट सलग नाही. माझा जो भाग उडून गेला, त्याने जे पाहिलं ते त्याच्याबरोबर गेलं. जिथे तसं झालं आहे तिथे मी तसं सांगेन.

घन

जमिनीच्या पोटातल्या खारट पाण्यात मी विखुरलेला होतो. तिथे मला नाव नव्हतं, रंगही नव्हता. कारखान्यात त्या पाण्यातून मला वेगळं काढलं, तेव्हा मी चिखलासारखा होतो. मग मला भट्टीवर ठेवलं. मी तापलो, जांभळी वाफ होऊन वर गेलो आणि वरच्या थंड झाकणाला लागून खडे होऊन लटकलो. चिखल खाली राहिला. तोंडाला फडकं बांधलेल्या कामगाराने मला खरवडून काढलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "हे बघ, घाण खाली बसली आणि माल वर गेला. आपल्या खात्यात नेमकं उलटं."

दोघे हसले आणि मग बराच वेळ खोकले. मित्रांनो, मी दिसायला देखणा आहे, पण माझी वाफ माणसाच्या छातीला चांगली नाही. हे तेव्हाच सांगून ठेवायला हवं होतं, पण मला कोण विचारणार?

वायू

माझी नेमणूक एका सरकारी इमारतीत झाली, लांब व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत. तिथे बोटांचे ठसे शोधत.

तुम्ही कागदाला हात लावता तेव्हा बोटाचं तेल, घाम त्याच्यावर राहतो. डोळ्यांना दिसत नाही. माझी वाफ त्या तेलात अडकते आणि तिथे तपकिरी रेषा उमटतात. कोऱ्या कागदातून बोट वर येतं. मग माझ्या स्वभावाप्रमाणे मी उडून जातो, आणि बोटही जातं. म्हणून ठसा उमटला की ताबडतोब त्याचा फोटो काढावा लागतो.

हे काम करणाऱ्या बाईंना सगळे भिंगबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, नंतर तोंडावरही. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, बोटं माझ्यामुळे कायमची पिवळी. माझ्यासाठी त्यांच्याकडे एक अरुंद काचेची नळी होती. मध्ये मी, मला अडवायला पुढे काचेचा कापूस, मागे रबरी फुगा. त्या नळी मुठीत धरत. मुठीची ऊब मला पुरे व्हायची. फुगा हळूच दाबला की जांभळा श्वास कागदावर.

"ताई, ज्योतिषी हात बघतो तेव्हा पुढचं सांगतो," फोटोवाला म्हणायचा. "तुम्ही बघता तेव्हा मागचं."

"तू कॅमेऱ्यात फिल्म घातलीस का ते सांग. मागच्या खेपेला काय झालं ते मला अजून आठवतंय."

त्या खेपेला फोटोवाल्याने अर्धवट ठशांवर एक अख्खी फिल्म संपवली होती, आणि पुरता ठसा उमटला तेव्हा कॅमेरा रिकामा होता. तेव्हापासून मोठ्या साहेबांनी नियम केला होता, आधी ठसा त्यांना दाखवायचा, मग फोटो. साहेबांची खोली खालच्या मजल्यावर. ते आले नाहीत तोवर कॅमेरा थांबे. ठसा मात्र थांबत नसे. पण साहेब बहुतेक वेळा लवकर येत, म्हणून नियम टिकून राहिला.

दरवर्षी नवी मुलं शिकायला येत. भिंगबाईंनी त्यांच्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली होती. तिच्यातलं एक वाक्य त्या मोठ्याने म्हणून घेत. "आयोडीन तापवल्यास ते न वितळता थेट वायुरूप होते."

तुम्हीही हे पाठ केलं असेल. यात खोटं काही नाही. यात सगळं खरंही नाही. मुठीच्या उबेत मी खरोखरच वितळत नाही. भिंगबाईंनी मला आयुष्यभर मुठीतच पाहिलं होतं.

पाकीट

थंडीच्या दिवसांत एक कागदी पाकीट आलं. उंदीर मारायच्या औषधाचं, फाडलेलं.

एका बाइंडरचा मृत्यू झाला होता. पुस्तकं बांधणारा माणूस. छापखाना बंद पडल्यावर घरीच बसून होता आणि बोलणं कमी कमी करत गेला होता. त्याची बायको शिवणकाम करायची. बाइंडरच्या थोरल्या भावाने पोलिसांना सांगितलं की तिनेच पाकीट उघडून चहात कालवलं. ती म्हणत होती, मी त्या पाकिटाला हातसुद्धा लावला नाही. तिला पकडून नेलं होतं. खटला उभा राहायचा होता.

पाकिटाची चिकटवलेली घडी उघडायला अंगठा आत घालावाच लागतो. घडीच्या आतल्या बाजूला कुणाचा अंगठा आहे, एवढाच प्रश्न होता. शिवणारीच्या बोटांवर सुयांच्या टोचण्या होत्या. बाइंडरच्या उजव्या अंगठ्यावर कागद कापायच्या सुरीची जुनी आडवी खूण होती. दोघांचे ठसे टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले होते. चुकायला जागा नव्हती.

शिवणारीची धाकटी बहीण व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. उठवलंही नाही.

भिंगबाईंनी मला मुठीत धरलं. काचेचा कापूस संपला होता आणि नवा अजून आला नव्हता, म्हणून नळीचं तोंड उघडंच होतं. त्यांनी ते वर करून, जपून, हळूहळू फुगा दाबला. हात गार होते. वेळ लागला. पण मी पोहोचलो. घडीच्या आत एक अंगठा वर आला, फिका पण पुरता, आणि त्याच्या मधोमध रेषांना तोडत गेलेली आडवी खूण.

भिंगबाईंनी भिंग लावलं. मग श्वास सोडला.

"त्याचाच आहे," त्या म्हणाल्या. "स्वतःच उघडलंय त्यानं."

फोटोवाल्याने कॅमेरा लावलेला होता. "ताई, काढू?"

"साहेबांना बोलाव आधी."

"साहेब खाली निरोप समारंभात आहेत. भाषण चाललंय. काढू ना एक?"

"नियम आहे. परत बोलणी कोण खाणार, तू का? जा, पळ."

तो गेला. जाताना बाकापाशी थांबला. माणूस चांगला होता, त्याला राहवलं नाही. "अंगठा तुमच्या भावजींचाच निघाला," तो म्हणाला. "तुमची ताई सुटली म्हणून समजा."

बहिणीने पदर तोंडाला लावला.

रिकामी जागा

कागदावर जो मी होतो तो इथे निघून गेला. त्याने शेवटी काय पाहिलं ते मला माहीत नाही. उघड्या डोळ्याचा कॅमेरा पाहिला असेल.

द्रव

साहेब आले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशाला फूल होतं आणि हातात अर्धं बिस्कीट. भिंगबाईंनी पाकीट पुढे केलं. कागद कोरा होता.

"कुठाय?"

"गेला, साहेब. आत्ता होता. पुन्हा आणते."

पुन्हा आणता येतं, मित्रांनो. तेल शिल्लक असेपर्यंत मी पुन्हा अडकू शकतो. भिंगबाईंनी नळी मुठीत घेतली. पण मघाचा वेळ, ती थंडी आणि आता पाठीशी उभे असलेले साहेब. त्यांची बोटं लाकडासारखी झाली होती. मी जेमतेम हललो.

"बाई, सत्कारमूर्ती खाली ताटकळलेत," साहेब म्हणाले. "जरा गरम करा की ते. काय होतंय?"

काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. भिंगबाईंनी स्पिरिटचा दिवा पेटवला आणि नळी थेट ज्योतीवर धरली.

आधी मी नेहमीसारखा उडालो. नळी जांभळ्याने गच्च भरली. पण नळी अरुंद होती आणि आग भरपूर. वाफेला पसरायला जागा मिळेना, आणि खाली उरलेला मी तापतच राहिलो. मग माझ्या कडा सुटल्या. खडे एकमेकांत ओघळले. मी काळा, चकचकीत, जड असा काहीतरी झालो. या रूपात मी स्वतःलाही ओळखत नव्हतो.

भिंगबाईंनी नळी पाकिटावर कलती केली, जशी नेहमी करत. आत फक्त वाफ आहे असंच त्यांना वाटत होतं.

मी थेंब होऊन पडलो. बरोबर घडीवर.

काच तडकल्याचा आवाज आला. भिंगबाईंनी नळी ताटलीत टाकली. पाकिटावर काळा डाग पसरत होता, आणि जिथे अंगठा होता तिथला कागद भिजून, करपून गेला होता. फोटोवाल्याने सवयीने बटण दाबलं. त्या खटल्यात त्याने काढलेला हा एकच फोटो.

"हे काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"वितळलं," भिंगबाई म्हणाल्या. स्वतःच्या तोंडून आलेला शब्द त्यांना पटत नसावा, कारण त्यांनी तो पुन्हा उच्चारला. "वितळलं ते."

बाहेर बहीण अजून बाकावर होती. तिला सांगायला फोटोवाला गेला नाही. भिंगबाई स्वतः गेल्या. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. बहीण संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होती, एवढं मात्र शिपाई नंतर सांगत होता.

साक्ष

डाग म्हणून मी न्यायालयात गेलो. तडकलेली नळीही गेली, मोहोर लावलेल्या डब्यात. सरकारी वकिलांनी मागवली म्हणून बाटलीही गेली. तेव्हा न्यायालयात मी तीन ठिकाणी होतो, आणि तिन्ही ठिकाणी मुका.

भिंगबाईंना कुणी बोलावलं नसतं तरी त्या आल्या असत्या. साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं. "बाई, 'ठसा अस्पष्ट' एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. खात्याची अब्रू जाईल, तुमचं निवृत्तिवेतन अडकेल. अंगठा त्याचा होता हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगणार?"

"पाहिलं त्याच्या जोरावर."

पिंजऱ्यातली शिवणारी बारीक झाली होती. बचावाच्या वकिलांनी विचारल्यावर भिंगबाईंनी सगळं सांगितलं. साहेबांसाठी थांबल्या, ते सांगितलं. दिवा पेटवला, तेही सांगितलं.

मग सरकारी वकील उठले. आवाज चढवणारे नव्हते ते.

"बाई, ही पुस्तिका कुणाची?"

"माझी."

"ही खूण केलेली ओळ वाचता?"

भिंगबाईंनी भिंगाशिवाय वाचली. "आयोडीन तापवल्यास ते न वितळता थेट वायुरूप होते."

"किती वर्षं शिकवताय हे?"

"पहिल्यापासून."

"आणि पाकिटावरचा डाग कशाचा म्हणालात?"

"वितळलेल्या आयोडीनचा."

"म्हणजे पुस्तिका खोटी, की तुम्ही?"

"पुस्तिका अपुरी आहे."

"हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"सोयीच्या दिवशी कळलं," वकील म्हणाले. "अंगठा होता, तो उडाला. त्याचा फोटो नाही. साहेब आले तेव्हा कागद कोरा होता, असं ते स्वतः सांगतात. मग त्याच जागी डाग पडला, आणि तो अशा द्रवाचा, जो तुमच्याच लेखी नसतो. फोटोग्राफर म्हणतात, अंगठा मीही पाहिला. पण ते आरोपीच्या बहिणीला आधीच पेढे वाटायला निघाले होते. त्यांचं काय धरायचं?"

फोटोवाल्याने मान खाली घातली. आपण दोन गोड शब्द बोललो ते आज असे अंगावर येतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे इथं दाखवता येईल?"

"येईल," भिंगबाई म्हणाल्या. त्यांना खात्री होती. एकदा वितळलं ते पुन्हा वितळेलच.

"मग दाखवा. पण नळीबिळी नको, फुटली तर कुणाच्या डोळ्यात जाईल. ती सीलबंद आहे ती राहू दे. उघड्या बशीत करा. ज्योत लहान ठेवा, आणि खिडक्या उघडा."

भिंगबाईंनी मान डोलावली.

बशी

पांढरी, उथळ, रुंद बशी. खाली बोटाएवढी ज्योत. वर पंखा. चारी बाजूंनी मोकळी हवा.

मी तापलो. मला जिकडे तिकडे जायला वाट होती.

मी उडालो, मित्रांनो. जांभळ्या रंगाचा झुळझुळीत पडदा बशीतून उठला आणि खिडकीकडे गेला. मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "काय सुंदर दिसतंय." कारकुनाने नाकाला रुमाल लावला. बशीत खडे आकसत गेले, लहान झाले, आणि जिथे होते तिथून नाहीसे झाले. ओलावा नाही. थेंब नाही.

भिंगबाई बशीत वाकून पाहत होत्या. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधीच पाहिला नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते माझ्या वाफेमुळेही असेल.

मी वितळायचा प्रयत्न केला असं मी म्हणणार नाही. पदार्थ प्रयत्न करत नसतो. त्याला जशी आग द्याल, जसं भांडं द्याल, तसा तो वागतो.

"द्रव कुठे आहे, बाई?" सरकारी वकिलांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. तेही बशीकडे पाहत होते.

तेव्हा पिंजऱ्यातली शिवणारी पहिल्यांदा बोलली. बोलायची तिची पाळी नव्हती, पण कुणी अडवलं नाही.

"बाई, अजून थोडं टाकून बघा ना."

भिंगबाईंनी अजून टाकलं. मी पुन्हा उडालो. त्यांनी अजून टाकलं. शेवटी न्यायाधीशांनी हात वर केला.

निकाल

जन्मठेप.

थोरला भाऊ निकालाला आला होता. ऐकलं आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

पुन्हा द्रव

भिंगबाई दुसऱ्या दिवशी खोलीत आल्या आणि कोट न काढताच त्यांनी एक नवी नळी घेतली. एक टोक ज्योतीत वितळवून बंद केलं. मला आत टाकलं. दिवा मोठा केला. नळी उभी, अरुंद, आणि आग भरपूर.

मी काळं पाणी झालो. नळी हलवली तसा हललो.

त्यांनी ज्योत लहान केली, बशी घेतली. मी उडालो. पुन्हा नळी, मी वितळलो. दिवसभर त्या हेच करत होत्या. कशात आणि किती तापवलं की मी काय होतो, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फोटोवाला प्रत्येक वेळी फोटो काढत होता. त्याने कुणालाही विचारलं नाही.

साहेब दारात उभे राहिले. "आता काय उपयोग, बाई?"

"अपील आहे."

"अपिलाला पुरावा लागतो. हा तर शाळेतला प्रयोग झाला."

बहीण तिसऱ्या प्रहरी आली. वकिलांकडे जाण्याआधी बाईंना भेटायचं होतं, म्हणाली. भिंगबाईंनी तिला खुर्ची दिली, नळी ज्योतीवर धरली आणि मला दाखवलं.

"हे बघा. होतं ते द्रव."

बहिणीने बराच वेळ पाहिलं. ती शिकलेली नव्हती असं नाही. घन, द्रव, वायू तिनेही पाठ केलं होतं.

"हे त्या दिवशी का नाही दाखवलंत?" तिने विचारलं.

रागावून विचारलं नव्हतं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. भिंगबाईंनी दिवा विझवला. मी नळीच्या तळाशी गोठत गेलो.

आता

पुढे ठसे शोधायला नवी रसायनं आली. ती न उडणारी आहेत, साहेबांची वाट पाहू शकतात. माझी बाटली कपाटात मागे गेली. कुणीतरी तिला पत्र्याचं झाकण लावलं. मी ते खाऊन टाकलं, मग त्यांनी बूच बसवून वर चिंधी बांधली. शेजारच्या कात्रीला माझ्यामुळे गंज चढला आहे. भिंगबाई निवृत्त झाल्या. पुस्तिकेतली ती ओळ त्यांनी स्वतः खोडून खाली चार ओळी लिहिल्या होत्या, पण छापखान्यात जुन्याच ओळीचे खिळे जुळवलेले होते म्हणे. नव्या मुलांना जुनी ओळच मिळते. सोपी आहे. लवकर पाठ होते.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही मी असेन. मला तापवाल तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा, तोंड लांब ठेवा, वाफ हुंगू नका. मला हळू तापवून पाहा, आणि तुमच्या बाईंनी किंवा सरांनी परवानगी दिली तर त्यांच्या देखत, बेताने, अरुंद नळीतही पाहा. दोन्ही वेळा जे दिसेल ते लिहा. मार्क एकाचेच मिळतील, तरी दोन्ही लिहा. आणि जे दिसतंय ते जाणारं असेल, तर कुणाला बोलावायला धावू नका. आधी टिपून घ्या.

शिवणारी तुरुंगाच्या शिवणखात्यात कैद्यांचे सदरे शिवते. बहीण महिन्याला भेटायला जाते. भिंगबाईही जातात, पण आत जात नाहीत, फाटकापाशी थांबतात. अपिलाची तारीख अजून लागलेली नाही.